वाघ दिसला नाही, तरी पाहुणा परत येईल का?

प्रश्न : ताडोब्याच्या कोलारा गेटकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, वडा-भात मागून मागून खातात, जाताना ‘दादा, पुढच्या वर्षी नक्की’ म्हणतात आणि परत येत नाहीत. एका प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं, की जुने ग्राहक नुसते ५ टक्के जास्त टिकवले तरी नफा २५ ते ८५ टक्के वाढतो; त्यासाठी अभिप्रायाचे फॉर्म भरून घ्या आणि ई-मेल पाठवत राहा. फॉर्म छापून घेतले, तर सगळेच ‘उत्तम’वर खूण करून जातात. ई-मेलात काय लिहायचं ते सुचत नाही. हे सगळं आमच्यासारख्याला खरंच उपयोगाचं आहे का? — एक वाचक, चिमूर तालुका

उपयोगाचं आहे, पण प्रशिक्षणात सांगितलं त्या कारणासाठी नाही. तो आकडा आधी बाजूला ठेवू. फ्रेडरिक राइकहेल्ड आणि अर्ल सॅसर यांनी १९९० साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये एक लेख लिहिला, त्यातून तो जगभर फिरला. लेखातले धंदे होते बँकेची शाखा, क्रेडिट कार्ड, विमा दलाली, मोटारदुरुस्ती. तिथं एकदा जोडलेला माणूस वर्षानुवर्षं पैसे देत राहतो. जंगलाशेजारच्या चार खोल्यांना तोच आकडा लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालून हिंडणं.

तुमचा पाहुणा ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. पण पुण्यातलं कुटुंब वर्षात फार तर एक जंगल करतं. यंदा ताडोबा झालं, की पुढं पेंच, कान्हा, मग मुलांच्या हट्टानं समुद्र. त्याची ताडोब्याची पाळी पुन्हा यायला दोन-तीन वर्षं जातात. ती आली की तो मोबाइल उघडतो आणि त्याला आठवतं, ‘कोलाऱ्याजवळचा तो होमस्टे, नाव काय बरं?’ नाव आठवत नाही. बुकिंगच्या संकेतस्थळावर पहिलं जे दिसेल ते तो घेतो. तुमचं गिऱ्हाईक तुटतं ते त्या क्षणी, नाराजीनं नाही. दुसरीकडं, तो स्वतः आला नाही तरी त्याच्या हापिसातलं कुणीतरी दरवर्षी ताडोब्याला निघालेलं असतं आणि त्यालाच विचारतं. तेव्हा तुमचं नाव त्याच्या तोंडी असणं, हीच तुमच्या धंद्यातली ग्राहक टिकवण्याची व्याख्या. ई-मेलाचं काम एवढंच.

आता फॉर्म. पाहुणा खोली सोडतोय, तुम्ही बिल घेऊन समोर उभे, वहिनी पोरांच्या हातात चिवड्याची पुडी देतायत. अशा वेळी यजमानाच्या अंगणात उभं राहून ‘बाथरूममध्ये गरम पाणी येत नव्हतं’ असं कोणता मराठी माणूस लिहील? तो ‘उत्तम’वरच खूण करणार. तो शिष्टाचार झाला, अभिप्राय नव्हे. म्हणून विचारायचं ते तो घरी पोचून कामाला लागल्यावर, तीन-चार दिवसांनी. जंगलाची धुंदी थोडी उतरलेली असते आणि काय खटकलं तेही अजून आठवत असतं. एकच प्रश्न विचारा, आणि तो असा असू दे की उत्तरात ‘छान’ हा शब्द बसूच नये. उदाहरणार्थ : ‘आमच्याकडची कोणती एक गोष्ट वेगळी असती, तर तुमचा मुक्काम सोपा झाला असता?’ कसं वाटलं विचारलंत की कौतुक येतं. काय बदलू विचारलंत की काम मिळतं.

शून्य ते दहा गुण मागायची एक पद्धतही तुम्हाला कुणीतरी सांगेल : ‘आमची शिफारस मित्राला कितपत कराल?’ तीही राइकहेल्ड यांचीच, २००३ सालची. हजारो ग्राहक असलेल्या कंपनीला तिचा उपयोग असेल. तुमच्याकडं महिन्याला वीस उत्तरं येणार. त्यांची सरासरी काढलीत तर दोन रागावलेली माणसं अख्खा आकडा हलवतील. वीस उत्तरांची टक्केवारी काढायची नसते. ती वाचायची असतात, शक्य तर मोठ्यानं, स्वयंपाकघरात, सगळ्यांसमोर.

ई-मेलापेक्षाही खरा अभिप्राय तुमच्या दारात रोज येतो आणि तो घ्यायला कुणी जात नाही. पाहुणे जे तुम्हाला सांगत नाहीत ते जिप्सीच्या ड्रायव्हरला सांगतात. गेटवर गाड्यांची रांग लागलेली असते, उजाडायचं असतं, कुणीतरी जांभई देत म्हणतं, ‘रात्रभर डास होते हो.’ गाइडच्या कानावर पडतं, की पलीकडच्या रिसॉर्टवाल्यानं पहाटे चहा दिला आणि आपल्याला कुणी उठवायलाही आलं नाही. ड्रायव्हरला हेर करू नका, पोरं ओशाळतात. ‘या आठवड्यात पाहुणे कशाबद्दल जास्त बोलत होते?’ एवढंच विचारा. आणि स्वयंपाकीणबाईंना विचारा, की ताटात काय परत येतं. तिखट रस्सा परत येत असेल, तर तुमच्या फॉर्मवरच्या सगळ्या ‘उत्तम’ खुणा त्या एका माहितीपुढं फिक्या.

मग ई-मेलात काय लिहू, हा तुमचा प्रश्न आपोआप सुटतो. लिहायला कारण लागतं आणि ते अभिप्रायातून मिळतं. ज्यानं तक्रार केली त्यालाच, ती दूर झाल्यावर कळवायचं. असं कळवणारे फार थोडे, म्हणून ते पत्र लक्षात राहतं. नमुना देतो, शब्द तुमचे घाला :

*विषय : पहाटेच्या चहाचं तुम्ही सांगितलं होतं*

*नमस्कार. मार्चमध्ये सकाळच्या सफारीला उपाशीपोटी निघावं लागलं, असं तुम्ही कळवलं होतं. बरोबर होतं. आता निघायच्या अर्धा तास आधी व्हरांड्यात चहा आणि बिस्किटं ठेवतो, आणि डबा रात्रीच बांधून तयार असतो. कोअर जंगल १ ऑक्टोबरला उघडतंय. तुमचं यंदा जमणार नसलं तरी हरकत नाही; कुणी ताडोब्याबद्दल विचारलं, तर हा नंबर द्या. — खाली तुमचं नाव, होमस्टेचं नाव, फोन.*

बस. ‘ऋणानुबंध’ नको, उगवत्या सूर्याचं चित्र नको, ‘खास आपल्यासाठी’ तर अजिबात नको.

किती वेळा लिहायचं, याचं उत्तर जंगलाच्या वेळापत्रकात आहे, म्हणून शहरातल्या दुकानदाराचं ‘दर आठवड्याला एक’ आपल्याला लागू नाही. जूनच्या अखेरीस एक पत्र पाठवा. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद असतो आणि बहुतेकांना वाटतं, ताडोबाच बंद. पाऊस आणि वन विभागाचा आदेश पाहून भोवतालच्या बफरची गेटं त्या काळातही चालू असतात, हे त्यांना तुम्हीच सांगू शकता. दुसरं पत्र सप्टेंबरच्या मध्यावर, म्हणजे दिवाळीच्या सुटीचं ठरवायला वेळ मिळतो. तिसरं फेब्रुवारी सरताना : पळस फुललाय, मार्च-एप्रिलात मोह पडेल, पाणवठे आटत जातील तसे प्राणी पाण्यावर दिसू लागतील. त्याच पत्रात, मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि लहान मूल किंवा म्हातारं माणूस सोबत असेल तर मार्च बरा, हेही लिहा. एखादं बुकिंग जाईल. पण ज्याला हे तुम्ही आधी सांगितलंत, तो पुढं दहा जणांना तुमचं नाव सांगेल. मंगळवारी कोअरची सफारी बंद असते, हे दर पत्राच्या तळाशी असू द्या. शनिवार-रविवारला जोडून रजा टाकणारे लोक नेमके तिथं फसतात.

चौथं पत्र सांगण्यासारखं काही घडलं तरच.

प्रश्न : हे ई-मेल, फीडबॅक वगैरे परदेशी खूळ वाटतं. माझ्या वडिलांनी पस्तीस वर्षं किराणा चालवला. तोंडओळखीवर गिऱ्हाईक यायचं, कुणाला पत्र लिहावं लागलं नाही. — एक वाचक, नेरी

तुमच्या वडिलांचं गिऱ्हाईक चालत येण्याच्या अंतरावर राहत होतं. तेल खवट निघालं तर संध्याकाळी बरणी घेऊन बाई दुकानात हजर. अभिप्राय घ्यायची वेगळी सोय लागली नाही, कारण तो कितीही नको म्हटलं तरी मिळत होता. गिऱ्हाईक लांब राहायला गेलं की पत्र लागतं.

आणि खूळ म्हणाल तर ते अस्सल मराठी मातीतलंही आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची धारणा होती. पहिले नांगर खपायला दोनेक वर्षं लागली. पुढं १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, नांगर गावोगाव जाऊ लागले, आणि नांगर घेणारा माणूस कारखान्यापासून शेकडो मैल दूर राहू लागला. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. आज ज्याला न्यूजलेटर म्हणतात, त्याच जातीची ती गोष्ट : कारखान्याचं स्वतःचं मासिक, त्याच्याशी जोडलेल्या माणसांसाठी. पण त्यात नुसती नांगराची जाहिरात असती, तर दोन अंकांत लोकांनी चुलीत घातली असती. तसं झालं नाही. वाचायला काहीतरी मिळत गेलं, कारखान्याशी संबंध नसलेले लोकही ती मागवू लागले, आणि तिचं ‘किर्लोस्कर’ हे मराठीतलं मोठं मासिक झालं. ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही भावंडं १९३० च्या दशकात तिच्याच घरात जन्मली.

आता दुसरं घराणं पाहा. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क या विक्रेत्यानं अर्पानेट नावाच्या तेव्हाच्या जाळ्यावरच्या सुमारे चारशे लोकांना, कुणालाही न विचारता, आपल्या संगणकांची जाहिरात एकगठ्ठा पाठवली. न मागता आलेलं जाहिरातीचं पहिलं ई-मेल म्हणून ते ओळखलं जातं. तक्रारींचा पाऊस पडला. तुमच्या मोबाइलवर सकाळी जे कर्जाचे आणि भूखंडांचे संदेश येतात, ते या घराण्याचे वारस. खूळ परदेशी की देशी, यापेक्षा आपण या दोनांपैकी कुणाच्या वंशातले व्हायचं, हे ठरवलेलं बरं.

प्रश्न : एका पाहुण्यानं गुगलवर एक तारा देऊन लिहिलंय, ‘तीन सफाऱ्या केल्या, वाघ दिसला नाही, पैसे वाया.’ वाघ काय माझ्या गोठ्यात बांधलेला आहे? उत्तर द्यावं की गप्प बसावं? — एक वाचक, मदनापूर परिसर

द्यावं, पण गोठ्याचा उल्लेख टाळून. (वाक्य झकास आहे. मित्रांमध्ये वापरा.)

ते उत्तर तुम्ही त्या पाहुण्याला देत नसता. पुढच्या महिन्यात तुमच्याकडं यायचं की नाही, हे ठरवणारा तिसराच माणूस ते वाचणार असतो. त्याला पाहायचं असतं, की हा मालक अडचणीत कसा बोलतो. चार ओळी पुरे : तीन फेऱ्यांत वाघ न दिसणं वाईट वाटण्यासारखंच आहे, जंगलात त्याची हमी कुणी देऊ शकत नाही, त्या दिवसांत काय दिसलं, म्हणजे रानकुत्री, अस्वल, गवे, जे खरंच दिसलं असेल ते, आणि पुढच्या खेपेला कोणत्या महिन्यात, कोणत्या गेटानं यावं याचा एक सल्ला. ‘तुम्ही जिप्सीत मोठ्यानं बोलत होता’ हे खरं असलं तरी लिहायचं नाही.

पण खरी दुरुस्ती अलीकडं आहे. बुकिंग झाल्यावर तुम्ही काय पाठवता? बहुतेक होमस्टे पैसे मिळाल्याची पोच आणि सोबत झेप घेणाऱ्या वाघाचा फोटो पाठवतात. म्हणजे आश्वासन आपणच दिलं आणि मोडलं वाघानं. त्या फोटोच्या जागी एक साधं पत्र पाठवा. वाघ दिसेलच असं नाही, किती फेऱ्या केल्या तर शक्यता वाढते याबद्दल तुमचा अनुभव काय, पहाटे थंडीत काय पांघरायचं, ओळखपत्र बुकिंगमधलंच आणायचं. अपेक्षा आधी जमिनीवर आली, की तळ्याकाठी बसलेलं मत्स्यघुबडही पाहुण्याला दिसू लागतं.

चांगल्या पाहुण्यांना अभिप्राय लिहायची विनंती जरूर करा. त्याबदल्यात पुढच्या बुकिंगला सूट देऊ नका. पैसे किंवा सूट देऊन लिहवून घेतलेले अभिप्राय गुगलच्या नियमांत बसत नाहीत, आणि ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोनंही २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढलेलं आहे. शिवाय आपल्या तालुक्यात कुणी कुणाकडून काय लिहवून घेतलं, हे चहाच्या टपरीवर दोन दिवसांत कळतं.

प्रश्न : मी घरच्या शेतातला एचएमटी तांदूळ आणि रानातला मध पार्सलनं पुणे-नाशिककडं पाठवते. पहिल्यांदा घेणारे पुष्कळ, दुसऱ्यांदा मागवणारे कमी. दोन तक्रारी सारख्या येतात : भात चिकट होतो आणि मधात साखर मिसळली आहे. दोन्ही खोटं आहे! — एक वाचक भगिनी, शंकरपूर

ताई, दोन्ही खरं आहे. फक्त लोकांनी काढलेला अर्थ चुकीचा आहे. हाच अभिप्राय वाचायचा सगळ्यात महत्त्वाचा भाग. ग्राहक लक्षण बरोबर सांगतो, निदान चुकीचं करतो. डॉक्टर जसा ‘मला टायफॉइड झालाय’ म्हणणाऱ्याला बाहेर काढत नाही, ताप मोजतो, तसं करायचं.

भात चिकट होतो, कारण तुम्ही डिसेंबर-जानेवारीत नवा तांदूळ पाठवता. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं. पुण्याची गृहिणी दुकानातल्या जुन्या तांदळाच्या अंदाजानं पाणी घालते आणि गोळा होतो. आपल्या झाडीपट्टीत हे पोरासोरांनाही ठाऊक असतं, म्हणून तुम्हाला ते सांगायचं सुचलं नाही. पिशवीवर कापणीचा महिना लिहा, आणि सोबतच्या चिठ्ठीवर ‘नेहमीपेक्षा पाणी कमी घाला, मोकळा भात हवा असेल तर हा तांदूळ सहा महिने ठेवून वापरा’ असं लिहा. जुना तांदूळ शिल्लक असेल तर तो वेगळा म्हणून विका, मागणारे निघतील.

मधाचंही तसंच. त्यातलं ग्लुकोज थंडीत गोठून दाणे धरतं आणि बाटलीच्या तळाशी साखर साठल्यासारखं दिसतं. बाटली कोमट पाण्यात ठेवली की मध पुन्हा पातळ होतो. उकळत्या पाण्यात मात्र ठेवू नये. ही दोन वाक्यं थंडी पडण्याआधी, नोव्हेंबरात, सगळ्या जुन्या ग्राहकांना ई-मेलानं गेली पाहिजेत. तक्रार आल्यावर तेच वाक्य बचाव वाटतं, आधी गेलं तर सल्ला.

एकच तक्रार तिसऱ्यांदा आली, की ती ग्राहकाची चूक धरायची नाही. तुमच्या पाकिटावर काहीतरी लिहायचं राहिलंय.

आता दुसऱ्यांदा न मागवणाऱ्यांचं. पार्सल पोचल्यावर आठ-दहा दिवसांनी एक ओळ लिहा : ‘तांदूळ शिजवून पाहिलात का? दहा किलो तुमच्याकडं साधारण किती दिवस पुरतो?’ या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोन्याच्या भावाचं आहे. कुणी म्हणेल दीड महिना, कुणी चार महिने. वहीत त्या नावापुढं लिहून ठेवा आणि तांदूळ संपायच्या आठवडाभर आधी त्यालाच पत्र पाठवा. सगळ्यांना दर महिन्याला ‘ऑर्डर द्या’ म्हणून टोचण्यापेक्षा, ज्याचा डबा रिकामा व्हायला आलाय त्याला वेळेवर आठवण करणं केव्हाही बरं. याला कुठलंही महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, तारखा लिहिलेली वही पुरते.

आणखी एक. तुम्ही एचएमटी विकता आणि तो कुठून आला हे ग्राहकाला सांगत नाही, याचं मला नवल वाटतं. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये आपल्या शेतात ‘पटेल ३’ भातात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वर्षानुवर्षं निवडून लावल्या, आणि त्यातून जो बारीक तांदूळ तयार झाला त्याला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव पडलं. वाण देशभर गेला. दादाजी २०१८ मध्ये गेले तेव्हाही त्यांची हलाखी सुटली नव्हती. पुण्यातल्या ताटात हा तांदूळ आहे, पण हे नाव तिथं पोचलेलं नाही. तुमच्या पहिल्या पत्रात सवलतीऐवजी ही हकिकत घाला. ती चंद्रपूर जिल्ह्यातल्या माणसानंच सांगावी अशी आहे, आणि असं पत्र लोक ठेवून देतात.

प्रश्न : रिसॉर्टच्या रजिस्टरात गेल्या पाच वर्षांतल्या पाहुण्यांचे पत्ते, फोन, ई-मेल आहेत. भाचा म्हणतो, सगळ्यांना एकदम पाठवून टाकू. चालेल? — एक वाचक, चिमूर

भाच्याला थांबवा. रजिस्टरात नाव-पत्ता पाहुण्यानं दिला तो मुक्कामाच्या नोंदीसाठी, जाहिरातीसाठी नव्हे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. त्याचं सार आपल्यापुरतं सोपं आहे : माहिती कशासाठी घेतो ते साध्या भाषेत सांगायचं, त्याच कामासाठी वापरायची, आणि होकार देणं जितकं सोपं तितकंच तो मागं घेणंही सोपं ठेवायचं. तेव्हा इथून पुढं रजिस्टराशेजारी वेगळी वही ठेवा. ‘वर्षातून तीन-चार वेळा जंगलाची खबर ई-मेलानं पाठवू का?’ ज्याला हवं तो स्वतःच्या हातानं पत्ता लिहील. तीनशे नावांच्या जुन्या यादीपेक्षा अशी चाळीस नावं जास्त कामाची.

भाच्यासाठी तांत्रिक गोष्टी घाईघाईनं सांगतो. सगळ्यांचे पत्ते एका रांगेत टाकून पाठवू नका. प्रत्येकाला बाकीच्यांचे पत्ते दिसतात. बीसीसीत टाका, किंवा यादी वाढली की ई-मेल पाठवणाऱ्या एखाद्या सेवेवर जा. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला पाचशे जणांपलीकडं जाता येत नाही. सेवेवर गेलात तर रिसॉर्टच्या नावाचा स्वतःचा डोमेन घ्या आणि त्याची एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क ही पडताळणी करून घ्या, नाहीतर पत्रं थेट स्पॅममध्ये. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल याबाबत कडक झालं आहे. लोकांनी ‘स्पॅम’चं बटण दाबायचं प्रमाण हजारात तीनच्या खाली ठेवावं, असं ते सांगतं. शंभर जणांच्या यादीत एकानं दाबलं तरी तुम्ही ती रेघ ओलांडली! म्हणून ‘पत्रं नकोत’ ही ओळ ठळक, वरच्या बाजूला ठेवा. नको असलेल्या माणसाला तुमच्या दारातून सहज बाहेर पडता आलं, तर तो जाताना दार आपटत नाही.

पत्र किती जणांनी उघडलं, याचा आकडा या सेवा दाखवतात. त्यावर फार विसंबू नका. २०२१ मध्ये अ‍ॅपलनं आपल्या मेलमध्ये गोपनीयतेची सोय आणली, तेव्हापासून न उघडलेली पत्रंही उघडलेली दिसतात. किती जणांनी उलट उत्तर लिहिलं, ते मोजा.

प्रश्न : चिमुरात माझं कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाईक सगळं आसपासच्या खेड्यांतलं. ई-मेल कुणाकडंच नाही. मग मी काय करू?

ई-मेल सोडून द्या. तुमच्याकडं उधारीची वही आहे, त्यात नाव, गाव, मोबाइल सगळं आहे. ओळखीच्या आणि होकार दिलेल्या लोकांना व्हॉट्सअ‍ॅप पुरेल, तेही सणासुदीला. एसएमएसचा गठ्ठा पाठवायचा विचार असेल, तर त्यासाठी दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणं नाव आणि मजकूर आधी नोंदवावा लागतो. एका दुकानाला तो खटाटोप परवडत नाही.

अभिप्राय मात्र तुमच्याकडं सगळ्यांत सोपा आहे. दुकानातून रिकाम्या हातानं गेलेलं माणूस जाताना सांगून गेलेलं असतं, की त्याला काय हवं होतं : नऊवारीत हा रंग, पोराच्या शाळेचा या मापाचा गणवेश, म्हाताऱ्यासाठी जाड धोतर. ते ऐकून आपण ‘संपलंय’ म्हणतो आणि विसरतो. बिलबुकाच्या शेवटच्या पानावर ‘मागितलं, पण नव्हतं’ असा रकाना पाडा, आणि काउंटरवरच्या पोराला तिथं गावाच्या नावासकट लिहायला लावा. माघातल्या बालाजीच्या घोडायात्रेची आणि त्यापुढच्या लग्नसराईची खरेदी करायला नागपूरला गांधीबागेत जाल, तेव्हा व्यापाऱ्याच्या गादीवर बसायच्या आधी तो रकाना वाचा. माल आला की ज्यांनी मागितला होता, त्यांना त्याच दिवशी फोन लावा.